१, ११, २१ तारखेला सर्व्हर रांगतो: टॉपमधली ‘एसटी’ कुठे अडते?

पहाटे पावणेसहाला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी आजारी आहे, नाहीतर पावती निघत नाहीये. त्या दिवशी पावतीच होती. "साहेब, बटण दाबलं की नुसतं फिरतंच बसलंय बघा. माणसं किटल्या घेऊन दारात उभी आहेत." एका दूध संस्थेचे सचिव बोलत होते. फोन ठेवेपर्यंत मागे आणखी दोन संस्थांचे मिस्ड कॉल आले होते.

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलनाचं. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साधारण तेवढाच वेळ गावोगावचे काटे वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) पाठवतात. सर्व्हर दरपत्रकातून दर लावतो आणि पावती परत जाते. एरवी अर्ध्या सेकंदात होणारं काम त्या सकाळी पंधरा-वीस सेकंद घेत होतं. आम्ही लॉगिन करून डेटाबेस रिस्टार्ट केला, थोडा वेळ बरं वाटलं, परत तेच. नऊला संकलन आटोपलं आणि दहा वाजता पाहिलं तर सगळं आलबेल.

पुढचे दोन महिने हे असंच चाललं. मॅनेजरनं गावातल्या इंटरनेटवर बोट ठेवलं. मी रॅम वाढवायला लावली. कुणीतरी स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसला विचारलेल्या ज्या क्वेऱ्या हळू चालतात त्यांची नोंद) चालू केला, आणि खरं तर तिथेच आम्हाला शहाणपण यायला हवं होतं. कारण त्या लॉगमध्ये एखादी वाईट क्वेरी नव्हती, सगळ्याच क्वेऱ्या होत्या. प्रायमरी कीवरून, म्हणजे थेट तिच्या ओळख क्रमांकावरून, एक ओळ आणायला १.८ सेकंद! एक ओळ, जी आधीच मेमरीत आहे. क्वेरी वाईट असेल तर तीच एक हळू होते. सगळंच एकसारखं हळू झालं की दोष क्वेरीच्या खालच्या थरात असतो. आम्ही मात्र इंडेक्स तपासत बसलो.

तारखा मी कॅलेंडरवर लिहिल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: ११, २१, १, ११, २१. दूध बिलं दर दहा दिवसांनी निघतात हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. दशवार बिलाचं काम आम्ही रात्री दोन वाजता लावलं होतं. पण ते पहाटे पाचच्या आत संपलेलं असायचं. मग साडेपाचला काय अडत होतं?

पुढच्या ११ तारखेला मी पाच वाजताच टॉप (सीपीयूचा वेळ कुठे जातोय ते दाखवणारी लिनक्सची कमांड) उघडून बसलो. पावणेसहाला ही ओळ दिसली:

%सीपीयू: १८.७ यूएस, १.४ एसवाय, ०.० एनआय, ०.१ आयडी, ०.० डब्ल्यूए, ०.० एचआय, ०.३ एसआय, ७९.५ एसटी

हे सीपीयूच्या वेळेचे टक्के: यूएस आपल्या प्रोग्रामांचे, एसवाय कर्नेलचे (लिनक्सच्या गाभ्याचे), एनआय खालच्या अग्रक्रमाच्या कामांचे, एचआय-एसआय इंटरप्टचे; आयडी आणि डब्ल्यूए पुढे येतातच. शेवटचा आकडा पाहा. एसटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल डबा येतो. इथे तो ‘स्टील’चा संक्षेप आहे, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. शंभरातले जवळजवळ ८० टक्के तिकडे गेले होते आणि आम्ही दोन महिने त्याच ओळीतल्या पहिल्या आकड्याकडे बघून "सीपीयू तर २० टक्केच वापरतोय" असं एकमेकांना सांगत होतो.

एसटी म्हणजे नेमकं काय

गिरणीत दळणाचा डबा घेऊन गेलात असं समजा. डबा भरलेला आहे, निवडून-पाखडून तयार आहे, पण चक्कीवर दुसऱ्याचं दळण चालू आहे. तुम्ही रांगेत उभे राहिलात तो वेळ म्हणजे स्टील. धान्य घरीच विसरलात आणि मुलगा आणायला गेलाय, तर ते डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट पाहणं. दळायलाच काही नसेल तर ते आयडी. या तिन्हींत पीठ मिळत नाही, म्हणून लांबून तिन्ही सारखेच दिसतात.

तांत्रिक भाषेत: तुमचा भाड्याचा सर्व्हर बहुधा व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) असतो, एकाच खऱ्या मशीनवर (होस्टवर) चालणाऱ्या अनेकांपैकी एक. त्याचा व्हीसीपीयू, म्हणजे आभासी प्रोसेसर, होस्टच्या दृष्टीने साध्या थ्रेडसारखाच, एका चालू कामासारखाच असतो. त्याला काम करायचं आहे, पण होस्टने त्याला खऱ्या कोअरवर चढवलेलं नाही, असा जो वेळ जातो तो स्टील. केव्हीएममध्ये (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीत) हा आकडा गेस्टला स्वतःहून कळत नाही, कळणार तरी कसा? तेवढा वेळ तर तो बाहेरच होता. होस्टचा शेड्युलर (कुणाला कधी कोअर द्यायचा ते ठरवणारा) रांगेतला वेळ मोजतो आणि गेस्टच्या मेमरीतल्या ठरलेल्या जागी लिहून ठेवतो; गेस्टचा कर्नेल तो तिथून वाचतो. लिनक्समध्ये ही नोंद कर्नेलच्या २.६.११ आवृत्तीपासून आहे. प्रोक या फोल्डरातल्या (जिथे कर्नेल स्वतःचे आकडे दाखवतो) स्टॅट फाइलीतली ‘सीपीयू’ने सुरू होणारी पहिली ओळ उघडलीत तर आठवा आकडा स्टीलचा. तो मशीन सुरू झाल्यापासूनचा एकूण असतो, त्यामुळे नुसता वाचून उपयोग नाही. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा, स्टीलमधला फरक घ्या, पहिल्या आठही आकड्यांतल्या एकूण फरकाने भागा. त्यापुढचे गेस्टचे दोन आकडे बेरजेत धरू नका, ते आधीच यूएस आणि एनआयमध्ये मोजलेले असतात.

यातून एक गोष्ट निघते जी माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा चुकते. तुम्ही रांगेत उभेच राहिला नाहीत, तर रांग किती मोठी आहे ते तुम्हाला कळत नाही. निवांत मशीनवर एसटी शून्य दिसला म्हणजे होस्ट मोकळा आहे असं सिद्ध होत नाही. आमचा सर्व्हर दहा वाजता आलबेल दिसायचा तो याच कारणाने: संकलन संपलं होतं, डबाच भरलेला नव्हता. तपासणी त्रास होत असताना करा, नाहीतर करूच नका.

पहाटे उठायचं नसेल तर सिसस्टॅट (हे आकडे ठरावीक अंतराने लिहून ठेवणारं साधन) बसवून ठेवा. डेबियन-उबुंटूवर नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही, त्याच्या सेटिंगमध्ये नोंदी घेणं चालू करावं लागतं. मूळ अंतर दहा मिनिटांचं असतं, ते एक मिनिटावर आणा. मग सार कमांडने परवाच्या पहाटेचाही एसटी काढता येतो. चालू घडीला बघायचं तर व्हीएमस्टॅट १ पुरे, आणि प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा हवा तर एमपीस्टॅट.

चोर शेजारी आहे की करारच तसा आहे?

स्टील हे नावच फसवं आहे. चोरी म्हटल्यावर चोर शोधला जातो, आणि आपण लगेच होस्टिंगवाल्याला पत्र लिहायला घेतो की तुम्ही एका मशीनवर फार गिऱ्हाईकं कोंबली आहेत. कधी ते खरं असतं. पण गिरणीवाल्याने तुमचं माप ठरवून दिलं असेल आणि ते संपलं असेल, तर चक्की रिकामी फिरत असली तरी तुमचा डबा पुढे सरकत नाही. गेस्टच्या आतून दोन्ही प्रकार एसटी म्हणूनच दिसतात.

फरक ओळखायला मी आलेखाचा आकार बघतो. शेजाऱ्यामुळे होणारी खेच करवतीच्या दात्यांसारखी असते: या मिनिटाला १२, पुढच्याला ३५, मग ४, कारण शेजारी त्याच्या मर्जीने काम करतो. ठरवून दिलेल्या मापामुळे होणारी अडवणूक सपाट असते. तिथे एसटीकडे न बघता यूएस आणि एसवाय यांची बेरीज बघा. ती एखाद्या गोल आकड्याला, १० किंवा २० टक्क्यांना, छताला डोकं टेकल्यासारखी तासन्‌तास चिकटून बसली असेल तर शेजारी निर्दोष आहे. वरच्या ओळीत १८.७ आणि १.४ मिळवा. २०.१.

आमचं मशीन ‘बर्स्ट’ योजनेतलं होतं, स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं. यात कायमचा हक्क थोड्याच वेगाचा (बेसलाइन), कमी वापरलं की क्रेडिट साठतात आणि जास्त लागलं की ते खर्च होतात. अशा योजनांचं गणित उघड असतं; अ‍ॅमेझॉनच्या टी मालिकेचं, तिथल्या भाड्याच्या मशीनांचं उदाहरण घेऊ. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण क्षमतेने. टी३ मीडियमला दोन व्हीसीपीयू, तासाला २४ क्रेडिटची कमाई, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयूमागे २० टक्क्यांची बेसलाइन, आणि साठवण जास्तीत जास्त ५७६, म्हणजे चोवीस तासांची कमाई. जुन्या टी२ मायक्रोला एकच व्हीसीपीयू, तासाला ६ क्रेडिट आणि १० टक्के. साठवण संपली की मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, लॉगमध्ये अक्षर उमटत नाही. वेग उतरत उतरत बेसलाइनला येतो, एवढंच.

आमच्या योजनेची मापंही टी३ मीडियमसारखीच. रात्री दोनला शिल्लक होती साधारण २५०. बिलाचं काम दोन्ही कोअर पूर्ण ताणून चालायचं, म्हणजे तासाला १२० खर्च आणि २४ जमा, निव्वळ ९६ वजा. अडीच तासांत शिल्लक साफ. साडेचारच्या सुमारास काम शेवटच्या टप्प्यात असतानाच छत डोक्याला लागायचं, तरी ते कसंबसं पाचला संपायचं आणि अर्ध्या तासाने गवळी काट्यावर यायचे. संकलनाच्या वेळी मशीनला बेसलाइनच्या अडीच-तीन पट लागतं. हातात बेसलाइन तेवढीच उरलेली. संध्याकाळपर्यंत दिवसभरातली कमाई साठायची, म्हणून संध्याकाळचं संकलन सुरळीत. हे हिवाळ्यातच का सुरू झालं, तर पुष्टकाळ. दूध वाढलं, नोंदी वाढल्या, उन्हाळ्यात तासाभरात उरकणारं बिल तीन तासांवर गेलं.

क्रेडिट शिल्लकीचा आलेख होस्टिंगच्या डॅशबोर्डवर पहिल्या दिवसापासून होता. आम्ही तो उघडलाच नव्हता. तेव्हा यात होस्टिंगवाल्याची काही चूक नव्हती, हे नमूद करतो.

उपाय, आणि जे उपाय नव्हते ते

पहिला विचार आला तो नाइस लावण्याचा: बिलाच्या कामाला खालचा अग्रक्रम द्यायचा. याने काहीही होत नाही. नाइस तुमच्या मशीनच्या आतली रांग लावतो. क्रेडिट मात्र कामाच्या मिनिटांचे कापले जातात, मग ते काम नम्रपणे केलेलं असो की उर्मटपणे. काम सावकाश करायला लावून बघितलं, एकाच कोअरवर. तरी ३१० च्या आसपास कोअर-मिनिटं लागायची ती लागायचीच. हप्ते पाडले म्हणून मुद्दल कमी होत नाही. फायदा झाला तो वाढलेल्या तासांत जमा होणाऱ्या क्रेडिटपुरता, आणि तेवढा पुरला नाही.

तात्पुरता इलाज म्हणून मर्यादा काढून टाकता येते. टी३ मध्ये तर ‘अनलिमिटेड’ हीच मूळ स्थिती आहे, टी२ मध्ये ती मुद्दाम चालू करावी लागते. मग मशीन अडत नाही, वरकड वापराचे पैसे लागतात. लिनक्सला व्हीसीपीयू-तासामागे ०.०५ डॉलर. महिन्यातल्या तीन सकाळी हा खर्च किरकोळ आहे. रोजच वरकड लागत असेल तर मात्र ते महागात जातं, त्यापेक्षा कायम क्षमतेचं मशीन घ्यावं. आम्ही दोन पाळ्या अनलिमिटेडवर काढल्या आणि तेवढ्या वेळात खरं काम केलं.

खरं काम म्हणजे बिल तीन तास नक्की काय करतं ते बघणं. बघितलं तर प्रत्येक पावतीचा दर ते दरपत्रकातून पुन्हा काढत होतं, पडताळणी म्हणून. दहा दिवस, दोन वेळा, प्रत्येक उत्पादक, प्रत्येक वेळी फॅट-एसएनएफच्या तक्त्यात शोध. आता दर पावतीसोबतच साठवतो, पडताळणी रोज रात्री त्या दिवसापुरती होते आणि दहाव्या दिवशी फक्त बेरजा आणि कपाती. पंचवीस मिनिटं. शिवाय शिल्लक १०० च्या खाली गेली की मोबाइलवर संदेश येतो.

शेजारीच चोर निघाला तर

हाही अनुभव आहे, दुसऱ्या एका स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर). तिथे रोज रात्री साडेअकरापासून एसटी १५ ते ४० च्या मध्ये नाचायचा, आमचं काम काही नसताना लावलेल्या छोट्या चाचणीतसुद्धा. चाचणी साधी होती: एकाच मोठ्या फाइलीचा शा२५६ (फाइलीतून गणिताने निघणारा ठसा) दर पाच मिनिटांनी काढायचा आणि लागलेला वेळ लिहायचा. फाइल तीच, गणित तेच, तेव्हा वेळ बदलला तर कारण बाहेरचं.

तक्रार लिहिताना "सर्व्हर स्लो आहे" असं लिहू नका. उत्तरादाखल तुम्हाला कॅशे साफ करायला सांगतील. सारचा तासाभराचा उतारा द्या, त्यात तुमचा यूएस कमी आणि एसटी जास्त हे शेजारी शेजारी दिसू द्या, आणि वेळ कोणत्या घड्याळाची ते लिहा. आमचा सर्व्हर यूटीसीवर होता, आम्ही भारतीय वेळ कळवली, त्यांनी साडेपाच तास भलतीकडचा आलेख पाहून सगळं ठीक असल्याचं कळवलं. त्यात दोन दिवस गेले. शेवटी त्यांनी मशीन दुसऱ्या होस्टवर हलवलं आणि एसटी एकाच्या खाली आला.

मोठ्या क्लाउडवर हे हलवणं बऱ्याचदा स्वतःच करता येतं: मशीन पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करा. नुसता रीबूट करू नका, रीबूटनंतर तुम्ही त्याच होस्टवर राहता. थांबवण्याआधी दोन गोष्टी बघा: आयपी पत्ता कायमचा राखलेला आहे का, आणि मशीनला जोडलेल्या तात्पुरत्या स्थानिक डिस्कवर काही आहे का, कारण ते जाईल. टी२ वर साठलेले क्रेडिटही जातात. टी३ वर ते सात दिवस टिकतात.

आता होस्टच तुमचा असेल, म्हणजे ऑफिसातल्या कपाटात प्रॉक्समॉक्स (स्वतःच्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालवण्याचं सॉफ्टवेअर) चालवत असाल, तर शेजारी आणि गिरणीवाला दोन्ही तुम्हीच. १६ थ्रेडच्या मशीनवर सहा गेस्ट आणि प्रत्येकाला ‘असू देत’ म्हणून आठ-आठ व्हीसीपीयू, हे मी स्वतः केलेलं आहे. कमी करा. निम्म्या गेस्टना दोन पुरतात. होस्टवर प्रोकच्या प्रेशर फोल्डरातली सीपीयू ही फाइल (कर्नेल ४.२० पासून) रांग किती तुंबली आहे ते थेट सांगते. एखाद्या गेस्टला मुद्दाम सीपीयू मर्यादा लावली असेल तर त्याच्या आत एसटी दिसणारच, ती बिघाडाची खूण नव्हे. व्हीएमवेअर या दुसऱ्या प्रणालीवर गेस्टच्या आत शून्य दिसलं तरी विश्वास ठेवू नका, तिथे होस्टवरचा ‘सीपीयू रेडी’ बघायची पद्धत आहे. त्याचा आकडा वीस सेकंदांतल्या मिलिसेकंदांत येतो, २००० म्हणजे १० टक्के. आणि गेस्टला चार व्हीसीपीयू असतील तर चारने भागायला विसरू नका.

किती एसटी चालतो? रात्रीच्या हिशोबाला १० टक्के गेले तर मी लक्ष देत नाही. पावती, पेमेंट, फोनवरचा संवाद अशा कामांत सलग ५ टक्केसुद्धा टोचतात, कारण ते सगळ्यांना थोडं थोडं हळू करत नाहीत. एखाद्या व्हीसीपीयूने सामायिक डेटाचं कुलूप (लॉक) हातात धरलेलं असताना त्यालाच खाली उतरवलं जातं, आणि बाकीचे त्या कुलपासाठी ताटकळतात. डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) हृदयाचे ठोके, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हे नियमित संदेश, चुकून जिवंत नोड मेलेला ठरवला जातो तोही याच पायी. कर्नेलच्या लॉगमध्ये सॉफ्ट लॉकअपच्या (सीपीयू बराच वेळ अडकल्याच्या) ओळी दिसल्या आणि तुमच्याकडे खास काम चालू नव्हतं, तर आधी त्या वेळेचा एसटी काढा.

दोन फसव्या जागा राहिल्या. झेन या प्रणालीवरच्या मशीनवर ४.८-४.९ च्या काळातल्या कर्नेलांत लाइव्ह मायग्रेशननंतर (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवल्यावर) स्टीलचा आकडा मागे सरकायचा, वजाबाकी उलटी पडायची आणि टॉप १०० टक्के एसटी दाखवायचा. मशीन मात्र चपळ चालायचं. एसटी शंभर आणि कमांड क्षणात उमटतेय, असं दिसलं तर आकडा खोटा समजा आणि कर्नेल अद्ययावत करा.

दुसरी जागा उलटी: एसटी शून्य, तरीही तीच शा२५६ दुपारी दीडपट वेळ घेते. व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक ठिकाणी कोअर नव्हे, कोअरचा एक हायपरथ्रेड, म्हणजे एकाच कोअरवर चालणाऱ्या दोन वाटांपैकी एक. दुसऱ्या थ्रेडवर शेजारी घाम गाळत असेल तर तुम्ही चक्कीवर आहात, दळण चालू आहे, फक्त चक्की दोघांत वाटली गेली आहे. कॅशे आणि मेमरीची वाहतूकही तशीच वाटली जाते. हे एसटीमध्ये मोजलंच जात नाही. आणि कंटेनरला (मशीनच्या आत वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्रामला) लावलेल्या मर्यादेमुळे होणारी अडवणूकही तिथे दिसत नाही. ती त्या कंटेनरच्या सीग्रुपमधल्या (लिनक्स जिथे अशा मर्यादा ठेवतो तिथल्या) सीपीयू डॉट स्टॅट फाइलीत, एनआर थ्रॉटल्डच्या ओळीत सापडते. तो आकडा वाढत असेल तर होस्टिंगवाल्याला फोन करू नका, मर्यादा तुमच्याच कुणीतरी लावलेली आहे.